रोज अकरा मिनिटं मागे

१ मार्च, सोमवार. सकाळी ११.२०

आजपासून नवीन आयुष्य. पहाटे पाचला सुरू होणार होतं, पण जुनं जरा लांबलं.

टाइमटेबल तयार. चार रंगांत. निळा म्हणजे अभ्यास, लाल व्यायाम, काळा म्हणजे जेवण, अंघोळ असल्या क्षुद्र गोष्टी. हिरवा म्हणजे ती. हिरव्यात सध्या काहीच नाही. जागा राखून ठेवली आहे.

ध्येय: वीस तारखेच्या आत फेरप्रवेशाचा फॉर्म भरायचा आणि कॉलेजात ताठ मानेने परत जायचं.

कॉलेज सोडलं ते तत्त्वासाठी, हे इथे एकदा लिहून ठेवतो. चार महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे रीडिंग घेतलंस की मनाने काढलंस? मी म्हणालो, त्यालाही मन लागतं. आणि स्टूल लाथाडून बाहेर पडलो. दाराबाहेर मिनिटभर थांबलो, कोणी परत बोलवायला येतं का बघायला. कोणी आलं नाही. पण तिने वळून पाहिलं होतं. डोळ्यांत पाणी होतं. (शेजारी अमोनियाची बाटली उघडी होती. तेवढ्याने इतकं पाणी येत नाही.)

टाइमटेबल भिंतीवर चिकटवलं. ताई म्हणाली, सुंदर आहे, लग्नाच्या रुखवतात मांड. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांना सुया टोचते, संध्याकाळी उरलेल्या मला.

२ मार्च, मंगळवार. सकाळी ९.४०

उठायची वेळ ५.००. उठलो ९.१०. फरक फक्त चार तासांचा. यशस्वी माणसं अपयशाचं विश्लेषण करतात. विश्लेषण: काल टाइमटेबल करण्यात फार शक्ती गेली.

सकाळच्या पट्ट्या रिकाम्या गेल्यामुळे टाइमटेबल नव्याने करावं लागलं. त्यात दुपार गेली. म्हणजे दिवस कामातच गेला.

५ मार्च, शुक्रवार

हिरवं पेन सुकलं. न वापरता. स्टेशनरीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, पेन लिहिलं नाही की सुकतं, माझा काय दोष? मी म्हणालो, तुमचा सूर मला आवडला नाही. तो म्हणाला, सूर बदलून मिळत नाही, पेन घ्यायचं तर घ्या. काउंटरवर हात आपटला. पेनांचा डबा सांडला. सगळी पेनं मीच वेचली, पण रागाने वेचली.

घरी येऊन टाइमटेबल फाडलं. नवीन केलं. व्हिडिओत सांगतात तसं, प्रत्येक कामानंतर पंधरा मिनिटं ‘बफर’. संध्याकाळी हिशोब घातला तर दिवसात सात तास बफर आणि दोन तास काम. पण पाया मजबूत झाला.

९ मार्च, मंगळवार. दुपारी १२.३०

नीट क्रमाने लिहितो.

ती आली. आमच्या घरी! घरी म्हणजे दुकानात, पण बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. म्हणजे घरीच.

मी आत होतो. आवाज ओळखला. केस ओले करून, ताईचा केस वाळवायचा पंखा लावून, शर्ट बदलून बाहेर आलो तोवर ती निघत होती. एक शब्द बोलली. तो असा: अरे, तू इथे? तीन शब्द झाले.

जाताना एक गजराचं घड्याळ ठेवून गेली. जुनं, चावीचं, गोल. तिच्या आजोबांचं. बंद पडलं होतं. आईने मागून सगळी माहिती काढली (आई माहिती काढते, बाबा घड्याळ काढतात): अठ्ठावीस तारखेला, रविवारी, तिची शिष्यवृत्तीची परीक्षा. वर्षातून एकदाच होते. साडेआठला फाटक बंद, नंतर खुद्द देव आला तरी आत घेत नाहीत. ही मिळाली तर पुढचं शिक्षण. नाही मिळाली तर भाऊ म्हणालाय, पुरे झालं, खोली सोड आणि घरी ये. म्हणून तिने मोबाइलसुद्धा भावाकडे देऊन टाकलाय, परीक्षा होईपर्यंत. खोलीवर एकटी, पुस्तकं, आणि हे घड्याळ.

या शहरात घड्याळवाले आणखी तीन आहेत. ती आमच्याकडेच आली. अर्थ लहान मुलालाही कळेल.

ताई म्हणाली, बाकीचे तिघं चावीचं घड्याळ घेत नाहीत. ताईला प्रेमातलं काही कळत नाही.

१० मार्च, बुधवार

मीही मोबाइल सोडला. ती तिकडे, मी इकडे, दोघंही मोबाइलशिवाय. आईच्या कपाटात ठेवायला दिला.

संध्याकाळी ५. परत घेतला. गजरासाठी.

१८ मार्च, गुरुवार

मधले दिवस नोंदी नाहीत. कामात होतो. (फॉर्म आणायला जाणार होतो, त्याचं मानसिक काम.)

तिचं घड्याळ आज सकाळी झालं. नऊ दिवस लागले. बाबांचे हात हिवाळ्यापासून थरथरतात. चिमट्यातला स्क्रू दोनदा जमिनीवर पडला, बाबा गुडघ्यांवर बसून हात फिरवत शोधत होते. आई म्हणाली, आता बंद करा की हो दुकान. बाबा म्हणाले, या घड्याळावर ठरवू. सात दिवसांत दोन मिनिटांच्या आत राहिलं तर माझे हात अजून माझे आहेत. नाही राहिलं तर भिंग डबीत.

बाबांची पद्धत अशी: दुरुस्त झालेलं घड्याळ बिनचूक वेळेला लावायचं आणि सात दिवस ‘निरीक्षणाला’ ठेवायचं. रोज सकाळी आठला बाबा चावी देतात आणि फरक एका चिठ्ठीवर लिहितात. बाकी कोणी त्याला हात लावायचा नाही. धूळही पुसायची नाही. लहानपणी मी एकदा काटा फिरवला होता, तेव्हा बाबांनी आयुष्यात एकदाच मला मारलं. चिठ्ठीवर बाबांची सही असते. चाळीस वर्षांत एक चिठ्ठी खोटी निघाली नाही, हे ते पाहुण्यांना, पोस्टमनला, कोणालाही सांगतात.

निरीक्षणाची फळी मधल्या खोलीत आहे. माझ्या उशाशी. तिचं घड्याळ माझ्या उशाशी!

१९ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.०५

मोबाइलचा गजर पाचपासून सातपर्यंत नऊ वेळा बंद केला. दहाव्यांदा डोळे उघडले तर समोर तिचं घड्याळ. मोबाइलमध्ये सात. तिच्या घड्याळात सातला अकरा कमी.

रात्रभर माझ्यासाठी थांबलं होतं. अकरा मिनिटं.

काटा हळूच पुढे केला. सात. टाइमटेबलवर हिरव्या रंगात पहिली ओळ लिहिली: ७.०० तिचं घड्याळ. आणि पुढे टिक. आयुष्यातली पहिली हिरवी टिक. पुन्हा झोपलो.

अर्धवट झोपेत आठला बाबा आल्याचं कळलं. चिठ्ठीवर पेन्सिल खरखरली. मग बाबांनी शीळ घातली. बाबांना शीळ घालता येते हे मला माहीत नव्हतं.

२० मार्च, शनिवार. दुपारी ३.३०

७.०० तिचं घड्याळ. टिक. आजही अकराच मिनिटं मागे. शिस्त आहे त्याला.

फॉर्मची शेवटची तारीख आज. टाइमटेबलप्रमाणे फॉर्मचा स्लॉट दुपारी दोन ते तीन. दोनला कॉलेजात पोचलो. ऑफिस शनिवारी एकला बंद होतं. शिपाई म्हणाला, पाटी तीन वर्षं झाली लावून. मी म्हणालो, पाटी लावून शिक्षण होत नसतं. तो म्हणाला, पाटी न वाचूनही होत नाही.

झाडाच्या कुंडीला लाथ मारली. अंगठा सुजला.

घरी सांगितलं, फॉर्म दिला.

यशस्वी माणसं धक्क्यातून चोवीस तासांत सावरतात. मी सावरलोय. पुढचं वर्ष कुठे पळून जात नाही.

२१ मार्च, रविवार

टिक.

निळी पट्टी रिकामी, लाल रिकामी (अंगठा). पण हिरवी तीन दिवस सलग. व्हिडिओवाला म्हणतो, एक सवय धरा, बाकीच्या आपोआप मागे येतील. वाट बघतोय.

घड्याळ मागे पडतं हे बाबांना सांगावं का? विचार केला. नको. तीन मुद्दे आहेत. बाबांचं मन मोडेल. बाबा परत उघडतील, म्हणजे ते उशाशी राहणार नाही. आणि माझी एकमेव चालू सवय तुटेल. आणि हात लावायचा नाही हा नियम गिऱ्हाइकांच्या घड्याळांसाठी आहे. हे गिऱ्हाइकाचं नाही. (चार मुद्दे झाले.)

२३ मार्च, मंगळवार

टिक.

बाबांनी चिठ्ठी आईला दाखवली. मग ताईला. मग समोरच्या शिंप्याला. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. म्हणाले, चावीच्या घड्याळात असं होत नाही, माझ्या गुरूंच्या हातूनही कधी झालं नव्हतं. शिंपी म्हणाला, मग हात थरथरतात ते आनंदाने. बाबा एवढे हसले की भिंग खाली पडलं.

बरं वाटलं. सगळ्यांना सुखात ठेवून वर एक सवय लावून घेणं, हे सोपं नाही.

२५ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१०

सातवी टिक. आज संध्याकाळी पाचला ती घड्याळ न्यायला येणार.

वाक्य तयार केलंय. पाठ झालंय. एकटीला गाठून म्हणायचं: हे घड्याळ रोज अकरा मिनिटं मागे पडतं. रोज सकाळी कोणीतरी लावायला लागतं. मी येत जाऊ का?

याहून चांगलं कोणी कोणाला म्हणालं असेल असं वाटत नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी ६

ती एकटी नव्हती. आमच्याच वर्गातला चष्मिष बरोबर होता. स्कूटर त्याची. तिची पिशवी त्याच्या खांद्यावर. पिशवी एवढीशी होती, तिला उचलता आली असती.

पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. कोणाला सांगू? पिशवीला? आत निघून आलो. दार आपटलं. ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा उघडून आपटलं.

आतून सगळं ऐकू येत होतं. तिने विचारलं, काका, भरवसा ठेवू ना? रविवारी सगळं यावरच आहे. बाबांनी घड्याळ दुकानातल्या मोठ्या घड्याळाशी जुळवलं, चिठ्ठी दिली आणि म्हणाले, मुली, सूर्य एखाद दिवशी उशिरा उगवेल. ती म्हणाली, मग मनगटातलंही रोज सकाळी यावरच लावत जाते. बाबा म्हणाले, लावत जा.

सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण चष्मिष हसला. कशाला हसला ते कळलं नाही, पण हसला.

२७ मार्च, शनिवार

उशाशी फळी रिकामी. सातला उठायला काही कारण नाही. ९.३० ला उठलो.

चष्मिषबद्दल विचार केला. बहुधा मानलेला भाऊ.

रिकव्हरी प्लॅन: उद्या सकाळी आठला परीक्षेच्या फाटकापाशी उभं राहायचं. हातात नवीन पेन. तिला द्यायचं, काही न बोलता वळायचं. ही माझी दुसरी हिरवी ओळ.

२८ मार्च, रविवार. सकाळी १०.१५

झोप लागली.

पण आता ती आत बसून पेपर लिहीत असेल. ज्या घड्याळाला सात दिवस मी हात दिला, त्याच्या गजराने उठून. एका अर्थी मी तिथेच आहे.

२९ मार्च, सोमवार. दुपारी १

ती सकाळी दुकानात आली. चष्मिष बरोबर. घड्याळ आणि चिठ्ठी दोन्ही काउंटरवर ठेवली. ओरडली नाही. रडलीही नाही, रडून झालेलं होतं.

झालं ते असं. गजर सहाचा लावला होता. सहालाच वाजला, घड्याळाच्या हिशोबाने. बसथांब्यावर गेली तर नेहमीची बस गेलेली. पुढच्या बसने फाटकापाशी पोचली तेव्हा मनगटात आठ बावीस. फाटक बंद. तिला वाटलं, यांनीच लवकर बंद केलं. भांडली. चौकीदाराने तिला आतलं घड्याळ दाखवलं. आठ पन्नास.

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, चूक माझी, हात माझे. मी परीक्षेच्या ऑफिसात येतो, लिहून देतो, पाया पडतो कोणाच्याही. ती म्हणाली, जाऊन आले काका. भाऊ उद्या न्यायला येतोय.

मग चष्मिष म्हणाला, हात चालत नाहीत तर लोकांची घड्याळं घेता कशाला? चिठ्ठ्या कसल्या देता?

माझ्या बापाला! माझ्यासमोर!

मला आवरलं नाही. मी ओरडलो, तोंड सांभाळ. घड्याळाला काही झालेलं नाही. रोज सकाळी लावलं की उत्तम चालतं. सात दिवस रोज सातला मी स्वतः लावलंय, एक दिवस चुकवला नाही. पुरावा आहे. आणि आत धावत गेलो, भिंतीवरचं टाइमटेबल काढलं (कोपरा फाटला) आणि काउंटरवर पसरलं. सात हिरव्या टिका. तिच्या ओळीसमोर.

दुकानातली सगळी घड्याळं ऐकू यायला लागली.

तिने टाइमटेबल शेवटपर्यंत वाचलं. पहिल्यांदाच कोणी वाचलं. मग हळू आवाजात विचारलं, रोज किती मागे असायचं? मी म्हणालो, अकरा. तिने बोटांवर मोजलं, प्रयोगशाळेत मोजायची तसंच. गुरुवार पाच ते रविवार सहा. म्हणाली, अठ्ठावीस. बरोबर अठ्ठावीस.

गणित अजून पक्कं आहे तिचं.

बाबांनी घड्याळ पालथं केलं. मागची एवढीशी पट्टी मला दाखवली. म्हणाले, मागे पडत असेल तर ही केसभर सरकवायची असते. त्यासाठीच निरीक्षण असतं. मग घड्याळ खाली ठेवलं आणि म्हणाले, अर्ध्या मिनिटाचं काम होतं रे.

ते निघाले. मी पायरीपर्यंत गेलो. तिला म्हणालो, मी येत जाऊ का, हे विचारायचं राहिलं. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

३० मार्च, मंगळवार

ती घड्याळ इथेच विसरून गेली. मुली उगाच वस्तू मागे ठेवत नाहीत.

ताईला हे बोलून दाखवलं. ताई डबा भरत होती. हात थांबवून म्हणाली, आज तुला काही टोचणार नाही, सुई वाया जाईल.

फॉर्मचंही कळलंय घरी. शिपाई शिंप्याकडे पँट शिवायला टाकतो. शिंप्याने ते बाबांना सांगितलं. बाबा फक्त हं म्हणाले. कालपासून तेवढंच म्हणतात.

१ एप्रिल, गुरुवार

तिची खोली रिकामी झाली. खालून बघून आलो. खिडकीत दुसऱ्याच कोणाचा टॉवेल.

विश्लेषण: मूळ चूक चष्मिषची. तो त्या गुरुवारी आला नसता तर मी सांगितलं असतं. दुसरी चूक बसची.

आई चहा ठेवते आणि जाते. चहा गार होईपर्यंत मी नवीन टाइमटेबलचा विचार करतो.

३ एप्रिल, शनिवार

बाबांनी उरलेली घड्याळं एकेक करून परत केली. न झालेलीसुद्धा. प्रत्येकाला सांगितलं, दुसरीकडे दाखवा. एका म्हाताऱ्याने विचारलं, चिठ्ठी? बाबा म्हणाले, चिठ्ठ्या संपल्या. भिंग डबीत. डबी आईच्या कपाटात, माझा मोबाइल होता त्या खणात.

मी म्हणालो, बाबा, यशस्वी माणसं धक्क्यातून सावरतात. आईने मला खोलीबाहेर काढलं. हाताला धरून, लहानपणी काढायची तसं.

मग दाराच्या फटीतून पाहिलं. बाबा तिचं घड्याळ घेऊन बसले होते. भिंगाशिवाय. उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी धरून त्यांनी ती पट्टी सरकवली. एकदाच. वेळ लावली आणि ते माझ्या उशाशी आणून ठेवलं. चिठ्ठी नाही ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही.

म्हणजे विश्वास टाकलाय माझ्यावर. घड्याळ माझ्याकडेच राहणार. उद्या रविवार, विश्रांती. परवापासून नवीन आयुष्य. चार रंग. पहिली ओळ हिरवी: ७.०० तिचं घड्याळ.

५ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.००

उठलो. एका गजरात.

मोबाइलमध्ये सात. घड्याळात सात. पुन्हा पाहिलं. काल सकाळी बाबा फक्त चावी देऊन गेले, तरी दोन दिवसांत एका मिनिटाचाही फरक नाही.

लावायला काही नाही.

परत झोपलो.